यकृताला चुकवून जाणारं रक्त

(रत्नागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



कुत्र्याचं 'लिव्हर बिघडलं' म्हटलं की आपल्याला कावीळ आठवते, आणि कोकणात ते साहजिकच आहे. चार महिने पाऊस, चिखल, उंदीर, त्यातून होणारा लेप्टो आणि गोचिडांमुळे येणारे ताप. पिवळ्या डोळ्यांचा कुत्रा इथल्या प्रत्येक पशुवैद्याने तपासलेला असतो. आज मी ज्या आजाराविषयी बोलणार आहे त्यात डोळे सहसा पिवळे होत नाहीत. यकृत सडलेलं किंवा सुजलेलं नसतं, ते फक्त लहान राहून गेलेलं असतं, कारण त्याच्या वाटणीचं रक्त दुसऱ्याच वाटेने निघून जातं. ही आडवाट काही पिल्लांना जन्मतःच असते. वैद्यकात तिला शंट म्हणतात. ती बंद करता येते, आणि बंद झाली तर खुजं, झिंगलेलं, आकडी येणारं पिल्लू पुष्कळदा धडधाकट कुत्रा होतं. मात्र त्याआधी हा शंट आहे अशी शंका कुणाला तरी यावी लागते, आणि तिथेच बहुतेक पिल्लांचं नशीब अडतं.

आधी रक्ताचा रस्ता पाहू. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांतून परतणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल शिरेत गोळा होतं आणि यकृतात शिरतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या शिरेतून येतं, बाकीचं धमनीतून. आपल्याकडे माडा-पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी आळ्याआळ्यांतून फिरवून मगच व्हाळाला सोडतात. हे रक्तही तसंच यकृताच्या पेशीपेशींजवळून फिरतं. पाट वरच्या अंगाला फुटला, तर पाणी सरळ व्हाळाला मिळतं आणि बाग सुकते. शंट असला की आतड्यातून आलेलं रक्त न गाळता अंगभर फिरतं, आणि दुसरीकडे यकृताची उपासमार होते. स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन यकृताच्या वाढीला लागतं. ते नीट पोहोचलं नाही की यकृत वाढत नाही.

न गाळलेल्या रक्तातला मुख्य गुन्हेगार अमोनिया. आतड्यातले जिवाणू प्रथिनं फोडतात तेव्हा तो तयार होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो लघवीतून बाहेर टाकतात. शंट असलेल्या पिल्लाच्या मेंदूपर्यंत अमोनिया आणि त्याच्याबरोबरची इतर द्रव्यं जाऊन पोहोचतात.

गर्भात मात्र ही आडवाट प्रत्येक पिल्लाला लागते. तिथे रक्त शुद्ध करण्याचं काम आईच्या वारेकडे असतं, म्हणून डक्टस व्हिनोसस नावाची एक वाहिनी यकृताला बगल देऊन रक्त पुढे नेते. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. मोठ्या जातींच्या काही पिल्लांत ती मिटतच नाही, आणि यकृताच्या आतला शंट तयार होतो. आयरिश वुल्फहाउंड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर यांच्यात तो दिसतो. यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज, शिह त्झू, पग, मिनिएचर श्नाउझर अशा लहान जातींत बहुधा यकृताबाहेरचीच एखादी चुकीची शीर पोर्टल रक्त हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत नाहीतर छातीकडे जाणाऱ्या अझायगस शिरेत नेऊन सोडते. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने हा बाहेरचा शंट पुष्कळ सोपा.

घरी हा आजार दिसतो तो असा. भावंडांत एक पिल्लू खुजं राहतं. खायला नखरे करतं, कधी ओकतं, पाणी खूप पितं. शेजारीपाजारी म्हणतात, "जरा मंद आहे." जेवल्यावर तासा-दोन तासांनी ते गोल गोल फिरू लागतं, दाराच्या चौकटीला धडकतं, भिंतीच्या कोपऱ्यात कपाळ टेकवून उभं राहतं. कधी लाळ गळते, कधी आकडी येते. झोपून उठलं की पुन्हा बरं. रविवारी मटणाचा रस्सा-भात पोटभर खाल्ला की सोमवारी जास्तच बिघडतं. दोन दिवस नुसत्या दहीभातावर राहिलं की मालकाला वाटतं, औषध लागू पडलं.

मग नावं ठेवली जातात. कुणी म्हणतं जंत, कुणी म्हणतं विषबाधा, कुणी नजर. डॉक्टरकडे गेलं तर डिस्टेंपर किंवा अपस्माराचा संशय येतो, आणि त्यातही काही चूक नाही, कारण ते आजार खरोखरच जास्त आढळतात. लाळ गळताना आणि आंधळ्यासारखं धडपडताना पाहिलं की 'पिसाळलं' ही हाक उठते. याबाबत मी अगदी स्पष्ट बोलतो. लसीकरणाचा पत्ता नाही, वागणं एकदम बदललं आहे, अशा कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नका. रेबीजची शंका आधी, बाकी सगळं नंतर. मी बोलतोय ते घरात वाढलेल्या, लसी झालेल्या पिल्लाबद्दल, ज्याचं वेडं वागणं येतं आणि जातं, आणि जेवणाच्या वेळेशी बांधलेलं असतं. त्या पिल्लाला आकडीचं औषध सुरू करण्याआधी मालकाला एक प्रश्न विचारा: हे कधी होतं, जेवणाआधी की नंतर?

हा प्रश्न आपल्याला कुणी शिकवला, तो इतिहास मला सांगितलाच पाहिजे, कारण त्या ज्ञानाची किंमत कुत्र्यांनीच मोजली आहे.

1877 साली रशियात निकोलाय एक नावाच्या तरुण डॉक्टरने आठ कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. पोर्टल शीर महाशिरेला जोडायची आणि रक्त यकृताला वळसा घालून न्यायचं. माणसाचं यकृत आक्रसून पोटात पाणी साठतं, त्यावर हा उपाय होईल अशी त्याची आशा होती. बहुतेक कुत्री लवकरच मेली. एक अडीच महिने जगलं आणि प्रयोगशाळेतून पळून गेलं. शंट घेऊन जन्मलेल्या पिल्लाला निसर्गाने जे दिलेलं असतं, तेच डॉक्टर एकने निरोगी कुत्र्यांच्या पोटात हाताने केलं होतं. पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच जोडणी करून जास्त कुत्री जगवली, आणि 1893 साली जे पाहिलं ते लिहून ठेवलं. मांस खाल्ल्यावर ही कुत्री हट्टी आणि चिडखोर होत, झोकांड्या खात, त्यांना दिसेनासं होई, आकडी येई, शेवटी बेशुद्धी. दूध आणि धान्यावर ती सावरत. त्यांतली काही मांस पुढे केलं तरी तोंड फिरवू लागली. आपल्या अंगणात खांबाला कपाळ टेकवून उभ्या असलेल्या पिल्लाचं इतकं तंतोतंत वर्णन तेव्हाच कागदावर उतरलं होतं.

त्या वर्णनातून माणसाला खूप काही मिळालं. यकृत निकामी झालेल्या रुग्णाची शुद्ध का हरपते, त्याला प्रथिनं जपून का द्यायची, 1966 पासून लॅक्टुलोज या साध्या पाकाने अमोनिया कसा उतरवता येतो, हे सगळं त्याच धाग्यातलं. शल्यविशारद थॉमस स्टार्झलनी 1963 मध्ये माणसावर यकृतारोपणाचा पहिला प्रयत्न केला, त्यामागेही कुत्र्यांवरची वर्षानुवर्षांची शस्त्रक्रिया होती. आणि घरच्या कुत्र्यांच्या पोर्टल शिरेत जन्मजात दोष असतो, त्यामुळे त्यांच्या मेंदूवर असाच परिणाम होतो, हे पशुवैद्यकाच्या नियतकालिकांत ठळकपणे आलं ते 1974 च्या सुमारास. मधे सुमारे ऐंशी वर्षं गेली. पाव्हलोव्हच्या कुत्र्यांनी शिकवलेलं कुत्र्यांपर्यंत परत यायला एवढा काळ लागला. हे देणं आपल्या माथ्यावर आहे, असं मी मानतो. रत्नागिरीसारख्या गावात ते फेडायचं तर सुरुवात रक्ताच्या दोन नळ्यांपासून होते.

त्या नळ्यांतली तपासणी बाइल ॲसिडची, म्हणजे पित्तातल्या आम्लांची. पिल्लाला बारा तास उपाशी ठेवून रक्ताचा एक नमुना घ्यायचा, मग थोडं जेवण द्यायचं आणि दोन तासांनी दुसरा नमुना. (अगदी लहान, अशक्त पिल्लाला इतका उपास झेपत नाही, त्याची साखर उतरते. त्याच्या बाबतीत वेळ कमी करावा.) निरोगी यकृत बाइल ॲसिड रक्तातून उचलून घेतं. शंट असेल तर दुसऱ्या नमुन्यात ते भलतंच वाढलेलं सापडतं. अमोनिया मोजणंही उपयोगी, पण त्याचं रक्त बर्फात ठेवून लगेच तपासावं लागतं. इथून मुंबईला पाठवण्याइतका वेळ तो नमुना देत नाही. बाइल ॲसिडचं सीरम मात्र टिकतं, थंड डब्यात घालून रात्रीच्या गाडीने पाठवता येतं. म्हणून आपल्या भागाला हीच तपासणी सोयीची.

काही खुणा तर इथल्या साध्या प्रयोगशाळेतही दिसतात. युरिया कमी, अल्ब्युमिन कमी, कोलेस्टेरॉल कमी, तांबड्या पेशी आकाराने बारीक. लघवीत अमोनियम युरेटचे काटेरी तपकिरी स्फटिक. या आजारात मूत्राशयात खडेही होतात. ते साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. लहान कुत्र्याला युरेटचा खडा सापडला आणि ते डाल्मेशियन नसेल, तर यकृताची चौकशी झालीच पाहिजे. आणखी एक खूण नसबंदीच्या टेबलावर कळते. बाकीची कुत्री भुलीतून उठून बसतात, आणि हे संध्याकाळपर्यंत गुंगीतच राहतं. भूल उतरवण्याचं बरंचसं काम यकृताचं. उशिरा उठलेल्या कुत्र्याची नोंद घेऊन नंतर बाइल ॲसिड करून घ्यायला काहीच हरकत नाही.

एक इशारा देतो. बाइल ॲसिड वाढलं म्हणजे शंट सिद्ध झाला असं नाही. माल्टीजमध्ये ते शंटशिवायही वाढलेलं असू शकतं. शिवाय मोठ्या वयात यकृत कठीण होऊन पोर्टल शिरेतला दाब वाढतो, तेव्हा शरीर स्वतःच अनेक बारीक आडवाटा काढतं. त्या शंटना कधीही बांधायचं नसतं. त्या वाटाच त्या कुत्र्याला जगवत असतात. म्हणून चाकू हातात घेण्याआधी शीर डोळ्यांनी दिसली पाहिजे. जाणकार हातांनी केलेली सोनोग्राफी पुष्कळ सांगते, आणि सीटी अँजिओग्राफी पूर्ण नकाशाच काढून देते. त्यासाठी आपल्याला बाहेर जावं लागतं. परळला 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारीच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. घाटावर शिरवळला माफसू या पशुविज्ञान विद्यापीठाचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करून शंटची शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद सध्या कुठे आहे, ते विचारा. इमारतीपेक्षा हात महत्त्वाचे. आणि अशा पिल्लाला रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत एकटं पाठवू नका. वाटेत आकडी आली तर जवळ कुणी हवं.

आता शस्त्रक्रिया. ती निदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी करायची नसते. आधी दोन ते चार आठवडे पिल्लाला सावरायचं. लॅक्टुलोज द्यायचं. त्याने आतड्यातलं आम्ल वाढतं, अमोनिया तिथेच अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. जिवाणू कमी करणारं प्रतिजैविक द्यायचं, आकडी येत असेल तर लेव्हेटिरासेटाम. जेवण थोडं थोडं, अनेकदा. प्रथिनं पूर्ण तोडायची नाहीत. वाढत्या पिल्लाला ती हवीतच. फक्त ती दुधाची, अंड्याची, सोयाची, डाळीची असावीत. मटण, कलेजी, सुकी मासळी बंद. आपल्या घरात हे जमणं कठीण नाही. भात, घरचं पनीर, उकडलेलं अंडं, थोडा भोपळा.

टेबलावर पिल्लू उताणं निजवून पोट मध्यरेषेत उघडतात. मग शोध सुरू होतो, आणि या शोधाला शरीररचनेचा एक सुंदर नियम मदत करतो. मूत्रपिंडाच्या शिरांच्या पुढे, यकृतापर्यंतच्या टप्प्यात, अधिवृक्काजवळच्या बारीक शिरा सोडल्या तर महाशिरेला दुसरी कुठलीही शीर येऊन मिळत नाही. तिथे एखादी जाड, वाकडीतिकडी शीर घुसताना दिसली, आत रक्त भोवऱ्यासारखं घुसळताना दिसलं, की हाच शंट. तो महाशिरेत जिथे शिरतो, शक्यतो तिथेच तो पकडायचा. अलीकडे पकडला तर मागची एखादी फांदी उघडी राहते.

पहिल्या काळातल्या शल्यविशारदांनी रेशमी धाग्याने ही शीर बांधली. धागा आवळताच पोर्टल शिरेतला दाब एकदम वाढतो, कारण यकृताच्या आतल्या वाटा कधी वापरातच नव्हत्या. आतडी निळसर होतात, त्यांच्या भिंती फुगतात, रक्तदाब उतरतो, आणि पिल्लू त्याच रात्री जातं. पूर्ण बांधणी एका दमात सोसणारी कुत्री थोडीच असतात. म्हणून आतड्याचा रंग आणि दाब पाहत अर्धवट बांधायचं, काही महिन्यांनी पुन्हा पोट उघडून उरलेलं बांधायचं. कष्टाचं काम होतं ते, आणि कुत्र्याला दोनदा सोसावं लागे.

यातून बाहेर काढलं ते सावकाशपणाने. 1990 च्या दशकात दोन साधी साधनं पुढे आली. एक ॲमेरॉइड कडं. बाहेरून पोलादाची कडी, आत घट्ट दाबलेल्या केसिनची चकती, म्हणजे दुधातल्याच प्रथिनाची. मधल्या भोकात शीर बसवायची आणि बारीक खिट्टी लावून टाकायची. केसिन शरीरातलं पाणी शोषून हळूहळू फुगतं. पोलाद बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ते आत वाढतं, आणि भोवती तयार होणाऱ्या तंतूंबरोबर काही आठवड्यांत शीर मिटवतं. तेवढ्या वेळात यकृताच्या आतल्या वाटा रुंदावतात, वाढलेलं रक्त त्या झेलू लागतात. दुसरं साधन सेलोफेनची पट्टी. तिची तीन-चार पदरी घडी करून शिरेभोवती सैलसर गुंडाळतात आणि क्लिप लावतात. शरीर तिला परकं मानतं, भोवती दाह होतो, त्यातून तंतू तयार होतात आणि शीर आक्रसत जाते. कडं परदेशातून आणावं लागतं, पट्टी स्वस्त पडते. पण बाजारात सेलोफेन म्हणून मिळणारं सगळं खरं सेलोफेन नसतं. काही पट्ट्या साध्या प्लास्टिकच्या निघाल्याचं तपासणीत आढळलं आहे, आणि साध्या प्लास्टिकने अपेक्षित दाह होईलच असं नाही. पैसे वाचवताना एवढं पाहूनच वाचवा.

यकृताच्या आतल्या शंटपर्यंत पोट उघडून पोहोचणं फार अवघड. तिथे आता मानेच्या शिरेतून कॅथेटर घालून, महाशिरेत जाळीची नळी बसवून, शंटमध्ये धातूच्या गुंडाळ्या सोडतात. हे काम जगात मोजक्याच ठिकाणी होतं.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चार-पाच दिवस फार जोखमीचे असतात. पोट फुगतं का, हिरड्या पांढऱ्या पडतात का, साखर उतरते का, अंग गार पडतं का, हे तासातासाला पाहावं लागतं. सर्वांत भयंकर म्हणजे आकडी. काही कुत्र्यांना शंट मिटायला लागल्यावर, अमोनिया उतरलेला असतानाही, न थांबणाऱ्या आकड्या येतात. नीटसं कारण अजून हाती आलेलं नाही, आणि ज्यांना असं होतं त्यांतली पुष्कळशी वाचत नाहीत. मालकाला हे आधीच सांगितलं पाहिजे, सही घेताना घाईघाईत नव्हे, तर समोर बसवून. त्याचबरोबर हेही सांगायचं, की अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या 168 कुत्र्यांच्या अभ्यासात ॲमेरॉइड कडं बसवल्यानंतर दगावलेली कुत्री 7 टक्क्यांच्या आसपास होती, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकांचा पुढचा काळ चांगला गेला. ब्रिटनमधल्या 2014 च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेली कुत्री नुसत्या औषधावरच्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगली, आणि निदानाच्या वेळचं वय आड आलं नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याला 'आता उशीर झाला' म्हणून परत पाठवू नये, असा त्याचा अर्थ मी घेतो.

औषधं आणि आहार शस्त्रक्रियेनंतर लगेच सोडायचे नाहीत. तीनेक महिन्यांनी पुन्हा बाइल ॲसिड पाहून एकेक कमी करायचं. आकडे पूर्ण बरोबर आले नाहीत तरी कुत्रं खेळत असेल, वजन धरत असेल, तर घाबरू नका. आकडे वाढतेच राहिले आणि जुनी लक्षणं परतली, तर शीर पूर्ण मिटली नसेल किंवा नव्या आडवाटा तयार झाल्या असतील. तेव्हा पुन्हा सीटी.

ज्यांना शस्त्रक्रियेचा खर्च पेलत नाही, त्यांना मी कधी दोष देत नाही. आहार, लॅक्टुलोज आणि नेमाने तपासणी यांवर काही कुत्री कित्येक वर्षं बऱ्यापैकी जगतात. लॅक्टुलोज आपल्याकडच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं, बद्धकोष्ठावरचं औषध म्हणून. मात्र मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. शौच मऊ व्हावं, जुलाब होऊ नयेत. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की मेंदूची लक्षणं आणखी वाढतात. मालक उपचाराला तयार असताना 'वेडं आहे' म्हणून इंजेक्शन देऊन संपवणं मात्र मला मान्य नाही. रक्ताच्या दोन नळ्या आधी, तो निर्णय नंतर.

शेवटी पैदाशीबद्दल. गेल्या वीस वर्षांत शिह त्झू, पग, यॉर्की मुंबई-पुण्यातून चाकरमान्यांबरोबर आपल्या घरांत आले. यॉर्कशायर टेरिअर आणि केर्न टेरिअर यांच्यात हा दोष आनुवंशिक असल्याचं दिसून आलं आहे. इतर लहान जातींतही तसाच संशय आहे. शंट असलेल्या कुत्र्याची वीण करू नये, त्याच्या आईबापांची जोडीही पुन्हा लावू नये. आपल्याकडच्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी करावी लागते. नेदरलँड्समध्ये केर्न टेरिअर आणि आयरिश वुल्फहाउंडच्या पिल्लांचा अमोनिया विकण्याआधी तपासण्याचा प्रघात पडला, तो तिथल्या पैदास करणाऱ्यांनी आणि पशुवैद्यांनी मिळून पाडला. आपल्याकडे पिल्लू घ्यायला पुण्याला किंवा कोल्हापूरला जाल, तेव्हा लसीच्या कार्डाबरोबर बाइल ॲसिडचा कागदही मागा. याच आईच्या आधीच्या विणीत खुजं किंवा आकडी येणारं पिल्लू निघालं होतं का, तेही विचारा. तुमच्या पिल्लाला शंट निघाला, तर ज्याच्याकडून ते घेतलं त्याला फोन करून कळवा, म्हणजे पुढच्या हंगामात ती जोडी लागणार नाही.